मदत हवी आहे: जुळणारी नोंद सापडली, पुढे काय करू?

गेले आठ महिने मी एका बेपत्ता बाईच्या प्रकरणाच्या जुन्या बातम्या चाळते आहे. परवा रात्री अनोळखी मृतदेहांच्या नोंदी वाचताना एका ओळीपाशी थबकले: वरचा पुढचा दात कोपऱ्यातून उडालेला. बाईच्या हसऱ्या फोटोत नेमका तोच कोपरा नाही. वयही बसतंय. उंचीत मात्र ७ सेंटिमीटरचा फरक आहे आणि तो मला डाचतोय. सांगाड्यावरून काढलेली उंची अंदाजेच असते, हे खरं. पण मला हवं तेच दिसावं म्हणून मी काणाडोळा तर करत नाही ना?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९६८ मध्ये मृतदेह सापडलेल्या तरुणीची ओळख टॉड मॅथ्यूज या हौशी शोधकाच्या चिकाटीमुळे १९९८ मध्ये पटली, डीएनएने शिक्कामोर्तब झालं. म्हणून आशा सुटत नाही. पण अमेरिकेतच २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधक मंडळींनी एका बेपत्ता विद्यार्थ्यावर संशय घेतला. त्याचा काडीचाही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेहच सापडला. त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल!

म्हणून नावं, फोटो इथे टाकत नाही. तपास अधिकाऱ्यांना कळवताना काय लिहावं म्हणजे ते दातांच्या नोंदी ताडून बघतील? फरकही स्पष्ट लिहू ना? तिच्या आईला आत्ताच काही सांगू नये असं मला वाटतं. कुणी असं कळवलं असेल, तर कृपया सांगा.