मुलाखतीत सीमधलं स्ट्रकॉपी (strcpy, एक स्ट्रिंग दुसऱ्या जागी कॉपी करणारं फंक्शन) स्वतः लिहायला सांगितलं तर?

नवशिका: अक्षर कॉपी करत सोर्स आणि डेस्टिनेशनचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) पुढे नेणारा एका ओळीचा व्हाइल लूप पाठ आहे. तेवढ्यावर भागतं का?

बिटवाला: लूप बरोबर, पण बाकीचंही बघतात. सोर्स कॉन्स्ट (फक्त वाचण्यापुरता) हवा. परत द्यायचा तो डेस्टिनेशनचा मूळ पत्ता. लूपमध्ये पॉइंटर सरकतो, म्हणून मूळ पत्ता आधी वेगळा ठेवा. आधी कॉपी, मग शून्याची तपासणी. उलट केलंत तर शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) राहून जातो आणि प्रिंट केल्यावर मागचा कचरा दिसतो.

पॉइंटरपंत: खरी मेख डेस्टिनेशनच्या आकारात आहे. फंक्शनच्या आत साइझऑफ (आकार सांगणारा ऑपरेटर) लावलंत तर पॉइंटरचा आकार मिळेल, ६४ बिट मशीनवर ८. म्हणून लिहायच्या आधीच विचारा, 'आकार तिसरा पॅरामीटर म्हणून घेऊ का?' हो म्हणाले तर जास्तीत जास्त आकार वजा एक बाइट कॉपी करायचे आणि मग नल. आकार शून्य असेल तर ती वजाबाकी अनसाइन्डमध्ये (ऋण संख्या नसलेल्या प्रकारात) अवाढव्य होते, तेव्हा ते आधी तपासा. सोर्सची पूर्ण लांबी परत दिलीत तर स्ट्रिंग कापली गेली का, हे कॉल करणाऱ्याला कळतं. १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलेलं स्ट्रएलकॉपी हेच करतं. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत ते यायला २०२३ उजाडलं!

नवशिका: मग सरळ स्ट्रएनकॉपी (किती बाइट कॉपी करायचे ती मर्यादा घेणारं फंक्शन) का नको?

पॉइंटरपंत: सोर्स मर्यादेइतका किंवा मोठा असेल तर ते नल लावतच नाही. लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरतं; ४०९६ च्या बफरमध्ये ५ अक्षरं टाकलीत की ४०९१ शून्यं. जुन्या युनिक्समधल्या १४ बाइटच्या फाइलनावांसारख्या ठरावीक रकान्यांसाठी ते ठीक होतं.

बिटवाला: ओव्हरलॅपही (सोर्स आणि डेस्टिनेशनच्या जागा एकमेकींवर येणं) विचारतात. डेस्टिनेशन सोर्सच्या एकच घर पुढे असेल तर नल वाचण्याआधीच पुसला जातो आणि लूप थांबत नाही. अशा वेळी मेममूव्ह (ओव्हरलॅप सांभाळून कॉपी करणारं फंक्शन) याच्यासारखं शेवटाकडून कॉपी करायचं. मूळ स्ट्रकॉपीत ओव्हरलॅपला परवानगीच नाही, हेही सांगा. फळ्यावर रिकामी स्ट्रिंग, काठोकाठ बसणारी आणि एका बाइटने मोठी, एवढ्या तीन चालवून दाखवा.

मात्रावेलांटी: देवनागरी विसरू नका. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये 'पुणे' म्हणजे १२ बाइट, नलसकट १३. बफर १२ चा असेल तर शेवटच्या मात्रेचे दोनच बाइट येतात आणि 'पुण'पुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. कापताना १० या बिटांनी सुरू होणारे बाइट ओलांडत मागे या आणि त्या अर्धवट अक्षराच्या पहिल्या बाइटच्या जागी नल लावा.