मदत हवी आहे: 2012 ची डिझेल डिझायर दुरुस्त करू की विकून टाकू?

मंडळी नमस्कार,

गाडी स्विफ्ट डिझायर व्हीडीआय, 1.3 डीडीआयएस इंजिन, पुणे पासिंग, मी पहिलाच मालक. मीटरवर 1 लाख 78 हजार किमी. नोकरी पुण्यात होती तोवर दर आठवड्याला पुणे-चिपळूण असायचं, बहुतेक वेळा कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटाने. आता आई-बाबांसाठी चिपळूणला कायमचा आलो आहे आणि काम घरूनच करतो. महिन्याला जेमतेम 400 किमी होतात. बाजारहाट, बाबांना डेरवणला दवाखान्यात नेणं, अधूनमधून रत्नागिरी, एवढंच.

पावसाळ्यानंतर तक्रारी एकदम वाढल्या. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो आणि इंजिन थोडा वेळ थडथडतं. त्याच वेळी टायमिंग चेनच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, मग थांबते. ॲव्हरेज 20 वरून 15 वर आलंय. कुंभार्ली चढताना रेस वाढते, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. म्हणजे क्लच प्लेट गेली, हे मलाही कळतं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने 1 लाख 40 हजारांचं एस्टिमेट दिलं: चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) नवे, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा) नवा, क्लच सेट, पुढचं सस्पेन्शन. कोणतीही टेस्ट न करता, फक्त एक चक्कर मारून.

मग गावातल्या एका जुन्या डिझेल मेकॅनिककडे नेली. त्यांनी माझ्यासमोर चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना (न वापरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्या लावल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांत तळाशी बोटभर डिझेल, तिसऱ्या नंबरची मात्र गळ्यापर्यंत भरली. म्हणजे एकच इंजेक्टर रिटर्न जास्त मारतोय. टर्बोचा होज काढून शाफ्ट हाताने हलवून दाखवला, प्ले (ढिलेपणा) नाही. होजलाच बारीक चीर होती, तिथून प्रेशर जात होतं. त्यांचा हिशेब असा: चारही इंजेक्टर लॅबमध्ये तपासून तिसरा बदलायचा, होज नवा, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगसकट पूर्ण क्लच सेट, टायमिंग चेन किट, पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड. सगळं मिळून 62 हजार, मजुरीसह. ऑइल फिलरचं झाकण काढून ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटणारा गॅस) पण पाहिला, फारसा नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल टॉप-अप करावं लागत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची) अजून व्हायची आहे.

आता विक्रीची बाजू. एजंट 1 लाख 35 हजारांच्या वर जात नाही. त्याने आधी सीटखालचं कार्पेट उचलून रेलमध्ये चिखल शोधला. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणातल्या प्रत्येक जुन्या गाडीकडे असंच बघतात. माझी गाडी तेव्हा पुण्यात होती, सर्व्हिस रेकॉर्डही तिथलंच आहे, पण तो भाव वाढवायला तयार नाही. ओळखीतला एक जण 1 लाख 60 हजार म्हणतोय, मात्र आरसी ट्रान्सफर 'नंतर बघू' म्हणतो. ते मला चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच. फॉर्म 29-30 वर (मालकी बदलाचे फॉर्म) नुसत्या सह्या देऊन मी गाडी सोडणार नाही.

सगळे नातेवाईक एकच सांगतात: दीड लाखाच्या गाडीवर साठ हजार कशाला घालतोस? हा हिशेब मला पटत नाही. गाडी विकली तरी घरात गाडी लागणारच आहे. बरी सेकंडहँड पेट्रोल वॅगनआर बघितली तर साडेचार-पाच लाख. म्हणजे खिशातून वर सव्वातीन-साडेतीन लाख घालायचे. त्यांचं वर्षाचं व्याज पंचवीस हजारांच्या आसपास, शिवाय त्या गाडीची किंमत दरवर्षी तीस-चाळीस हजारांनी उतरणार. म्हणजे दुरुस्तीचे पैसे ती गाडी एका वर्षातच खाते. माझी डिझायर दुरुस्तीनंतर दोन वर्षं नीट चालली, तरी मी फायद्यात आहे.

पण दुसऱ्या बाजूने एक गोष्ट मला खरंच सतावते. माझं रनिंग आता डिझेलचं राहिलेलं नाही. इंधनात महिन्याला फार तर पाच-सहाशे रुपये वाचत असतील. उलट गावातल्या दोन-तीन किमीच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही आणि ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचते. बीएस 4 (प्रदूषणाचं जुनं मानक) असल्याने डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भानगड नाही, एवढंच बरं.

शिवाय पुढच्या वर्षी गाडीला 15 वर्षं होतील. दिल्लीसारखी डिझेलला 10 वर्षांची अट आपल्याकडे नाही, फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, हे माहीत आहे. चारचाकीचं हे शुल्क 2022 पासून 600 चं 5000 झालंय आणि वर पर्यावरण कर. पैशांचं एवढं नाही, पण 62 हजार घालून गाडी फिटनेसला अडकली तर काय करायचं?

अनुभवी लोकांनी नेमकं हे सांगावं:

हेच इंजिन (फियाटचं मल्टिजेट) कुणी अडीच लाखांच्या पुढे चालवलंय का? चेन, इंजेक्टर केल्यानंतर पुढचा मोठा खर्च कशाचा निघाला?

सकाळची खडखड चेनचीच, की टेन्शनरला (चेन ताणून धरणारा भाग) ऑइल प्रेशर उशिरा मिळतंय म्हणून? चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात, म्हणून यात मला काटकसर करायची नाही.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं तरच दुरुस्तीला हात घालायचा, असं मी ठरवलंय. किती फरक आला तर विकलेली बरी?

पुणे पासिंगच्या गाडीचं नूतनीकरण रत्नागिरी आरटीओत कुणी केलंय का? आधी आरसीवरचा पत्ता बदलावा लागला की दोन्ही एकदम झालं?

आणि चिपळूण, खेड किंवा कऱ्हाडमध्ये कॉमन रेल इंजेक्टर मशीनवर लावून, आधीचं आणि नंतरचं रीडिंग हातात देणारी लॅब माहीत असेल तर जरूर कळवा. मेकॅनिक इंजेक्टर सोमवारी काढणार आहेत, त्याआधी कळलं तर थेट तिथेच घेऊन जाईन.