आजच्या काळात मुलाचं नाव ‘धोंडो’ ठेवावं का?

साताऱ्याची आत्या

भावाला मुलगा झाला. रविवारी बारसं आहे आणि कानात नाव सांगायचा मान माझा. भाऊ म्हणतो धोंडो ठेवायचं, आमच्या पणजोबांचं नाव. वहिनी म्हणते, “माझ्या लेकराला मी दगड म्हणून हाक मारायची?” दोन दिवस झाले, दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. मी भावाच्या बाजूची आहे. का, ते सांगते.

आमच्या घरी फडताळात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची एक वही आहे. कागद पिवळा पडलाय, कडा हात लावला की सुटतात. त्यात पणजोबांच्या आधी तीन मुलगे आहेत. विनायक, माधव, गोपाळ. तिघांच्याही पुढे ‘वारला’. चौथा झाला तेव्हा खापरपणजीच्या सासूने त्याला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि खापरपणजीने पसाभर जोंधळे देऊन तिच्याकडून आपलंच मूल विकत घेतलं. हे आजी सांगायची. नाव ठेवलं धोंडू. धोंड्याला कोण दृष्ट लावणार, आणि यम तरी तो कशाला उचलून नेईल! धोंडू जगला, मोठा होऊन धोंडो झाला आणि एक्याऐंशी वर्षांचा होऊन गेला.

नाव काही अप्रतिष्ठित नव्हतं. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. जन्म १८५८ चा, १९५८ साली भारतरत्न, १९६२ मध्ये गेले. सत्तावनच्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. आता हे नाव उरलंय ते मधल्या अक्षरापुरतं. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. त्या ‘धों.’मधला बाप कोण, हे आजच्या पोरांना उलगडून सांगावं लागतं. आणखी वीस वर्षांनी ते अक्षरही जाईल. मला ते जाऊ द्यायचं नाही. तुमचं मत सांगा, विरोधातलंही चालेल.

शाळामास्तर

ताई, विरोधातलं सांगतो, राग मानू नका. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतोय. रोज सकाळी हजेरी घेताना मुलांची नावं माझ्या तोंडून वर्गात पडतात. एखाद्या नावावर मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली की ते पोर ‘हजर’ म्हणताना मान खाली घालतं. हे मी पाहिलंय, एकदा नव्हे. ‘पायावर धोंडा पाडून घेतला’, ‘डोक्यात काय धोंडे भरलेत’, हे शब्द घराघरांत रोज चालतात. पोरं ते उचलणारच.

तुमच्या खापरपणजीने ते नाव ठेवलं ते मुलासाठी. तुम्ही ठेवताय ते पणजोबांसाठी. मला यात मोठा फरक वाटतो. आठवण राखायची तर वही जपा, तिला चांगलं कापड बांधा. बारा दिवसांच्या बाळावर ती जबाबदारी टाकू नका.

मोडी वाचणारा

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतायत, की धोंडो म्हणजे दगड. तसं नाही. काशीत विश्वनाथाजवळ धुंडिराज गणपती आहे. संस्कृतात ढुंढिराज. ‘ढुंढ्’ म्हणजे शोधणे, आपलं धुंडाळणं तेच. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद. आता जुन्या कागदांतली नावं बघा: नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, विश्वनाथाचा विसो. मोरो त्रिंबक पिंगळे, नाशकात ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे ते नारो शंकर. लांब नाव आखडायचं आणि शेवटी ‘ओ’ लावायचा, ही तेव्हाची सरळ रीत होती. त्याच रीतीने धुंडिराजाचा धोंडो. वहिनींना सांगा, नाव गणपतीचं आहे. भांडण इथंच मिटतं.

गोदाकाठ

मिटत नाही. उलट मला यानेच जास्त वाईट वाटलं.

काही घरांत धुंडिराजाचा धोंडो झाला असेल, नाकारत नाही. पण माझ्या आजोळी, गोदावरीच्या काठी, एका आळीत धोंडीबा, दगडू, केरू, भिकू, उकिरडा आणि नाक टोचलेला नथू असे सगळे होते. हे एकाच कुळीचे शब्द आहेत. मूल जगत नाही म्हणून त्याला केर म्हणा, भीक म्हणा, उकिरडा म्हणा, पण जगू दे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात हजार मुलांतली दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्या आयांना काशीच्या गणपतीची व्युत्पत्ती सुचली नव्हती, दारातला धोंडा दिसला होता. आता तो धोंडा धुऊनपुसून त्याला संस्कृतचं सोवळं नेसवायचं, म्हणजे त्या बाईचं दुःखच पुसायचं.

आणि दगडाची एवढी लाज कशाला? आपला बिरोबा, म्हसोबा काय आहे? शेंदूर लावलेला धोंडाच की. पाऊस ओढ देतो तेव्हा पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार काय म्हणत फिरतात? ‘धोंडी धोंडी पाणी दे.’ घराघरातून त्याच्या डोक्यावर तांब्या ओततात. वेदांच्या काळीही हे होतंच. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताच्या तीन मुलांची नावं शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याच्या शेपटीशी जातो. त्यातला शुनःशेप पुढे मंत्रद्रष्टा ऋषी मानला गेला.

मोडी वाचणारा

शुनःशेपाचा दाखला मान्य. ‘धुऊनपुसून’ हा शब्द मात्र लागला. आमच्याच घरात मुंजीच्या संकल्पात धुंडिराज म्हणायचे आणि जेवायला बोलावताना धोंडू. आईने दगड म्हणून ठेवलेलं नाव भटजींनी गणपतीला नेऊन जोडलं असेल, किंवा उलटं झालं असेल. कुठलं आधीचं, हे प्रत्येक घरात वेगळं निघेल. शिवाय तिसरा धागा तुम्ही दोघांनीही सोडलात. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. जावयाला पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण, ते सगळं त्याच महिन्यातलं. दर पावणेतीन वर्षांनी तो येतो; २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जन्मलेल्याला धोंडो, धोंडू म्हणायची पद्धत होती.

कृष्णाकाठची

मी एक अवघड गोष्ट विचारते. ताई, तुम्ही साताऱ्याच्या आहात. आपल्याच जिल्ह्यात मुलींची नावं ‘नकोशी’ ठेवत. २०११ मध्ये प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली, त्या मुलींनी स्वतः नवी नावं निवडली. तेव्हा आपण सगळ्यांनी म्हटलं, नावाने माणूस दुखावतो. मग धोंडोला वेगळा न्याय का?

साताऱ्याची आत्या

प्रश्न बरोबर आहे, रात्रभर डोक्यात होता. माझं उत्तर असं. नकोशी म्हणजे ‘तू यायला नको होतीस’. धोंडू म्हणजे ‘तू जाऊ नकोस’. दोन्ही शब्द कानाला सारखेच कडवट लागतील, पण एकात आई तोंड फिरवतेय आणि दुसऱ्यात तिने पदर घट्ट धरलाय. मी पहिलं नाव कुणालाही ठेवू देणार नाही. दुसऱ्यासाठी भांडेन.

मास्तर, तुमचं ‘मुलासाठी की पणजोबांसाठी’ हे वाक्य मी भावाला वाचून दाखवलं. तो गप्प बसला.

डब्लिनकर

बाहेर राहून सांगतो, परदेशात लोक ‘डोंडो’ म्हणतील, दोन दिवसांत सवय होईल. माझ्या मुलाच्या मराठी शाळेत चार आरव आहेत, बाई त्यांना आडनावाने हाक मारतात. धोंडो निदान एकटा असेल. माझं मत होकाराचं.

नोंदणीतला माणूस

एक कामाचं सांगून जातो. घाईघाईत नाव लिहून देऊ नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा चढलेलं नाव बदलणं जिकिरीचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे जन्मदाखलाच आधार धरतात. आधी घरात एकमत करा, मग आमच्याकडे या.

सोलापूरकडचा

माझं नाव धोंडीराम आहे, म्हणून लिहितो. वय चोपन्न.

चिडवलं का? चिडवलं. त्याचं काही नाही, चौथीनंतर कुणी चिडवलं नाही. नाव बदलावं असं कधी वाटलं नाही. पण ताई, तुम्ही म्हणता तसं ते नुसतं पदर धरणं नसतं. माझ्या आधी दोघी बहिणी गेल्या. आई तिन्हीसांजेला पांदीच्या तोंडाशी उभी राहून “धोंड्याऽऽ” म्हणून ओरडायची, आणि मी ओ दिली तरी दोनदा ओरडायची. लहानपणी कळायचं नाही. ताप आला की ती माझ्या उशाशी पडून राहायची नाही, बसून राहायची, भिंतीला पाठ न टेकता. त्या हाकेत आम्ही तिघं होतो. मी एकटा कधीच नव्हतो.

मला त्याचा अभिमान आहे. पण माझ्या मुलाचं नाव मी साधं ठेवलं. त्याच्या आधी कुणी गेलेलं नव्हतं, त्याची आई निवांत झोपायची. तुमच्या वहिनीलाही तशी झोप मिळत असेल तर तिला ही हाक मारायला लावू नका. माझं मत नकाराचं.

गोदाकाठ

दादा, मी होकाराच्या बाजूचा होतो. तुमचं वाचल्यावर आता तसं ठामपणे म्हणवत नाही.

साताऱ्याची आत्या

काल रात्री वहिनीने सगळं वाचलं. सोलापूरकडच्या दादांचं तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, “ती वही आणा.”

वही मांडीवर घेऊन ती बराच वेळ त्या चार ओळी बघत होती. बाळ शेजारी झोपलं होतं. मग तिने विचारलं, “पणजोबांना सगळे ओळखतात. या तिघांची नावं कुणी पुढे चालवली का?” कुणीच नाही. आमच्या घरात चार पिढ्यांत विनायक नाही, माधव नाही, गोपाळ नाही. अपशकुनाची नावं म्हणून टाळली असणार. मला हे आजवर दिसलंच नव्हतं.

ती म्हणते, यातलं एक नाव द्या. मी अजून धोंडोच्याच बाजूची आहे आणि भाऊही हो म्हणालेला नाही. पण तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

सोलापूरकडचा

तिघांतलं कोणतं म्हणतात वहिनी?

साताऱ्याची आत्या

माधव. वहीत त्याच्यापुढे ‘पाच महिने’ लिहिलंय.