काळीला दुःखाचा उतारा म्हणू नका

गुहागरकरीण:
देवगडकरांनी काल लिहिलं, "घरचं कुत्रं गेलं की शेल्टरमधलं भित्रं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणतात, म्हणजे आपल्या दुःखाचा उतारा त्या मुक्या जिवावर टाकतात. दोन महिन्यांनी ते परत, दुसऱ्यांदा पोरकं." रात्रभर झोप लागली नाही मला.

आमचा मोत्या जूनमध्ये गोचीडतापाने गेला. खाणं सोडलं तेव्हा वाटलं, पावसाने मरगळलाय. हिरड्या पांढऱ्या दिसल्यावर चिपळूण गाठलं, तोवर प्लेटलेट्स तळाला. ऑगस्टमध्ये काळीला आणलं. पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणून तिला कुणी नेत नव्हतं. आमच्याकडे 9 दिवस तांदळाच्या पिंपामागे. माणूस समोर असला तर भाताला तोंड लावायची नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून कुळीथ निवडत बसायचे. दहाव्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. सूप तसंच धरून बसले, हलले नाही.

ती माणसांना नाही, केरसुणीला घाबरते. पिंजऱ्यांच्या रांगेत, त्या भुंकण्यात हे कुणाला कळणार होतं? आता तिला नेणाऱ्याला ते सांगता येईल. याला परत पाठवणं म्हणू नका.

देवगडकर:
शब्द मागे घेत नाही. आमच्या वाडीत मे महिन्यात मुंबईहून आलेल्यांनी असंच एक सांभाळायला घेतलं. पोरांच्या ताटातली बांगड्याची शेपटी खायचं. जूनमध्ये गाडी गेली. कुत्रं तीन आठवडे एसटीच्या थांब्यावर, येईल त्या गाडीचं दार हुंगत. तुम्ही ते बघितलं नाहीत. चाकरमान्यांना सुट्टीपुरताच लळा असतो.

डोंबिवली-लांजा:
सगळ्या चाकरमान्यांना एका माळेत ओवू नका. आमची आंधळी कुत्री 11 वर्षं दोन खोल्यांत सांभाळली आम्ही, दर गणपतीला गावी घेऊन आलो.

संगमेश्वरी:
7 नोव्हेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने शाळा, दवाखाने, एसटी स्टँडवरून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत. शेल्टर भरणारच. घरात एक सांभाळलं की एक पिंजरा मोकळा होतो, माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

कुडाळचो:
ता सगळा रवांदे. रात्री तिका खंय निजवतास? पडवीत बांधू नकात. आमचा वाघ्या साखळीला होता, बिबट्या गडग्यावरून आला. सकाळी नुसता पट्टा. मोकळा असता तर निदान पळाला असता.

राजापूरकर:
कुत्रं राखणीलाच असतं. घरात देव आहेत, सोवळं आहे. आमच्या माजघरात कुत्रं कधी आलं नाही, येणारही नाही.

कुडाळचो:
राखण करणाऱ्याला बिबट्यापुढे बांधायचं आणि वर सोवळं सांगायचं? साखळी त्याच्या गळ्यात असते, तुमच्या नाही.

राजापूरकर:
घरावर येऊ नका! माझ्या आईने आमच्या कुत्र्याला 14 वर्षं स्वतःच्या हाताने भाकरी घातली. तो गेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तुम्ही आम्हाला माया शिकवणार?

कुडाळचो:
माया आहे ना, मग पडवीला जाळी मारा. वरपर्यंत. बिबट्या चढतो.

राजापूरकर:
जाळीचं बघतो. माजघरात नाही म्हणजे नाही.

गुहागरकरीण:
अहो, काळी मागच्या खोलीत निजते, दाराला आतून कडी. फटाक्यांच्या रात्री मीही तिथेच निजले.

देवगडकर:
केरसुणीचं पिंजऱ्यात कळलं नसतं, एवढं मानतो. त्याहून जास्त नाही. घर मिळालंच नाही तर?

गुहागरकरीण:
तर इथेच राहील. दोघं बघून गेले, दोघांनाही मी नाही म्हटलं, कारण त्यांना साखळीलाच बांधायची होती. आणि दुःखाच्या उताऱ्याचं म्हणालात म्हणून सांगते, मोत्याचं पातेलं घासून फळीवर ठेवलंय. काळीला नवं घेतलं.