टीव्ही घराच्या यंत्रणेत बसवताना : आपापले अनुभव

भिंतीवर सपाट टीव्ही आणि फोनवरून चालणारे दिवे, पंखे, पडदे, या दोन्ही गोष्टी आता एकाच घरात दिसू लागल्या आहेत. मात्र त्यांची एकमेकांशी जोडणी करताना काय काय आड येते, हे दुकानात सहसा कळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला याविषयी विचारत आहेत. म्हणून ही विनंती. कोणता टीव्ही घेतला एवढेच न सांगता, घेण्यापूर्वी काय तपासले, काय तपासायचे राहून गेले आणि घरातल्या माणसांना ती व्यवस्था मानवली का, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करते. आमच्या जुन्या टीव्हीसाठी मी रिमोटसारखे इन्फ्रारेड संदेश पाठवणारी एक डबी बसवली होती आणि रात्री अकरा वाजता टीव्ही बंद व्हावा असा नियम घातला होता. त्या टीव्हीला चालू आणि बंद करण्याचा संदेश एकच होता, आणि संदेश मिळाल्यावर उलट काही कळवण्याची सोय इन्फ्रारेडमध्ये नसते. परिणामी ज्या रात्री वडील साडेदहालाच टीव्ही बंद करून झोपले, त्या रात्री अकराच्या ठोक्याला तो मोठ्या आवाजात सुरू झाला आणि ते दचकून उठले. मला त्याचे फार वाईट वाटले. नंतर विजेचा वापर मोजणारा स्मार्ट प्लग लावला. टीव्ही चालू असताना साठ-सत्तर वॅट आणि बंद असताना एक वॅटहूनही कमी, इतका स्पष्ट फरक असल्यामुळे वापर तीस वॅटच्या वर असेल तरच संदेश पाठवायचा, असा बदल केला. तेव्हापासून चूक झालेली नाही. पण नवा टीव्ही घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, की हा आपली स्थिती घरातल्या जाळ्यावर (नेटवर्कवर) स्वतःहून कळवतो का. चित्राचा दर्जा त्यानंतर पाहिला. इतरांची आलेली उत्तरे पुढे गावाच्या नावाखाली दिली आहेत.

कोथरूड, पुणे

स्थिती कळवण्याचा वरचा प्रश्न मीही विचारला होता, म्हणून एलजीचा, वेबओएस ही त्या कंपनीची टीव्ही-प्रणाली असलेला ५५ इंची टीव्ही घेतला. माझ्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर चालते. जोडणी करताना टीव्हीच्या पडद्यावर परवानगी विचारली जाते, ती दिली की आवाज, इनपुट, चालू असलेले अ‍ॅप अशी सर्व माहिती घरातल्या घरातच मिळू लागते. बंद करणे सोपे गेले; चालू करणे मात्र दोन दिवस जमत नव्हते. बंद टीव्हीला जागे करण्यासाठी जो संदेश लागतो, त्यात त्या यंत्राचा मॅक पत्ता (जाळ्याच्या जोडणीचा ओळखक्रमांक) सोळा वेळा पाठोपाठ असतो, आणि मी वाय-फायचा पत्ता लिहून टीव्ही मात्र केबलने जोडला होता. दोन्हींचे पत्ते वेगळे असतात, हे ध्यानात आल्यावर पाच मिनिटांत काम झाले. बंद अवस्थेतही जाळ्यावरून चालू होऊ देण्याची परवानगी टीव्हीच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते, तेही पाहावे. वीज जाऊन आल्यावर राउटर टीव्हीला कधी कधी नवा आयपी पत्ता (जाळ्यावर त्याला शोधण्याचा क्रमांक) देतो आणि जोडणी तुटते. राउटरमध्ये तो पत्ता टीव्हीसाठी राखून ठेवल्यास हा त्रास संपतो.

नाशिक

माझा अनुभव भिंतीचा आहे. आमच्या नव्या इमारतीत सिपोरेक्सच्या म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा आहेत, त्यात साधा रावळप्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी) धरत नाही, म्हणून त्या विटांसाठीच असलेले अँकर आणवून घेतले. रंगकाम होण्याआधी भिंतीतून पाइप टाकला होता, पण तो पाऊण इंची असल्याने टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे रुंद टोक त्यातून गेले नाही आणि भिंत पुन्हा फोडावी लागली. दीड इंची पाइप टाकावा आणि त्यात ओढदोरी ठेवून द्यावी.

ठाणे

सॅमसंगचे अ‍ॅनीनेट प्लस, एलजीचे सिमलिंक आणि सोनीचे ब्राव्हिया सिंक ही एकाच सोयीची नावे आहेत. ती सोय म्हणजे एचडीएमआय सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरूनच एका यंत्राने दुसऱ्याला चालू-बंद होण्यासारख्या आज्ञा देणे. ती बहुधा मेन्यूत खोलवर दडलेली असते आणि काही वेळा बंदही असते. ती सुरू करून साउंडबार टीव्हीच्या एआरसी असे लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या) पोर्टला जोडल्यावर टीव्हीबरोबर तो आपोआप सुरू होऊ लागला, आणि त्यासाठी वेगळे स्वयंचलन लिहावेच लागले नाही. आमच्या सेट-टॉप बॉक्सला मात्र सीईसी कळत नव्हते. आईला संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या लागतात. तेवढ्यासाठी मी इन्फ्रारेडची डबी ठेवली. यंत्रणा आधी टीव्ही चालू असल्याची खात्री करते, मग तीन सेकंदांचा विराम, आणि मग त्या डबीकडून वाहिनीचे आकडे, प्रत्येक आकड्यानंतर अर्धा सेकंद थांबून. तो अर्धा सेकंद नसला तर बॉक्स मधला एखादा आकडा गाळतो.

नागपूर

आमच्या बैठकीच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर पडद्यावर काही दिसत नसे. आता टीव्ही लागला की त्या वेळेत खिडकीचे पडदे आपोआप ओढले जातात. सासूबाईंना फोनवरचे अ‍ॅप नको होते, म्हणून त्यांच्या खुर्चीच्या हाताला एकाच कळीचे झिगबी (कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी जोडणीचे) बटण चिकटवले आहे. एकदा दाबले की टीव्ही, दिवा आणि पंखा तिन्ही त्यांना हवे तसे होतात. घरातला नेहमीचा रिमोट आणि भिंतीवरची बटणे आम्ही तशीच ठेवली, कारण यंत्रणा बंद पडली म्हणून त्यांना अंधारात बसावे लागू नये.

न्यू जर्सी (आई-बाबा सांगलीला)

आई-बाबांचा पहिला स्मार्ट टीव्ही मी इथून जोडून दिला होता. त्याचे सारे नियंत्रण कंपनीच्या सर्व्हरमधून जात असे. इंटरनेट गेले की समोरच्या टीव्हीलाही अ‍ॅपमधून आज्ञा देता येत नसे, आणि पुढे कंपनीने ते अ‍ॅपच बंद केले. दुसरा टीव्ही निवडताना जोडणी घरातल्या घरात चालते, याची मी आधी खात्री करून घेतली.

बाबा पहाटे उठून साडेसहाला टीव्हीवर भजने लावतात. टीव्ही लागल्याची नोंद मला इथे दिसते. माझ्याकडे तेव्हा आदली रात्र असते, आणि ती नोंद आली की मला स्वस्थ वाटते. हे करण्यापूर्वी मी त्यांना विचारले होते. त्यांनी एक अट घातली : चालू की बंद एवढेच कळावे, काय पाहतो ते नको. मला ही अट पूर्णपणे रास्त वाटते. पडद्यावर काय चालू आहे ते ओळखून माहिती पाठवण्याची सोय अनेक स्मार्ट टीव्हींत असते. २०१७ मध्ये, १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या प्रकरणात विझिओ या टीव्ही कंपनीने फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकहित पाहणारी अमेरिकी सरकारी संस्था) आणि आमचे न्यू जर्सी राज्य यांच्याशी २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून सांगलीच्या टीव्हीतली ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद करवली. बाबांनी व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला आणि एकेक सेटिंग आम्ही मिळून पाहिली.

आता त्यांना गावाला जायचे असले, की आदल्या दिवशी ते फोन करून सांगतात, "उद्या टीव्ही लागणार नाही हं."