मुली-चेटकिणींचा एकच हॉरर सुचवा (१०० मिनिटं, रक्त कमी)

दिवेबंद: शनिवारी रात्री आम्ही तिघी बसणार आहोत. शाळाकॉलेजच्या वयाच्या मुली चेटूक करतात असा एक सिनेमा हवाय, एकच, यादी नको. १०० मिनिटांच्या आत हवा कारण एकीला लवकर निघायचंय, आणि रक्त कमी हवं कारण दुसरी तोंडावर उशी घेऊन बसते मग अख्खी स्टोरी मलाच सांगावी लागते. बाय द वे, म्हाताऱ्या चेटकिणींचं मला काही वाटत नाही, पण दप्तरवाली मुलगी मेणबत्ती लावून बसली की मी जागची हलत नाही. असं का होतं कुणास ठाऊक.

रातकिडा: सस्पिरिया. २०१८ चा, दिग्दर्शक ग्वादानिनोचा. दुसरं काही बघूच नका.

दिवेबंद: तो १५२ मिनिटांचा आहे ना?

रातकिडा: कळत नाही बघताना.

घुबडमावशी: नवा कसला, सगळा राखाडी! मूळचा बघा, १९७७, दारिओ अर्जेंटो. लाल रंग असा की पडद्याला हात लावला तर बोटं रंगतील, आणि वर गोब्लिन बँडचं ते कुजबुजणारं संगीत. अर्जेंटोला सिनेमातल्या डान्स स्कूलमध्ये खरं तर लहान मुली हव्या होत्या, ते जमलं नाही म्हणून मोठ्या नट्या घेतल्या, पण दारांच्या मुठी मुद्दाम उंच बसवल्या, त्यामुळे एवढी मोठी बाई दार उघडताना पोरगी वाटते. मला चौथ्यांदा बघताना दिसलं हे. रक्त आहे, पण पेंटसारखं आहे.

उलटे_पाय: मावशी, सुरुवातीलाच काय होतं ते पण सांगा की. उशीवालीचं काय?

घुबडमावशी: घेईल की उशी. आणलीच आहे तर.

शेवटची_रांग: कॅरी, १९७६. ९८ मिनिटं, अटीत बसतो. रक्त पण फार नाही, एकच बादली.

नियमवाला: कॅरी चेटकीण नाही. टेलिकिनेसिस आहे ते, नुसत्या मनाने वस्तू हलवते. धाग्याचं नाव वाचा.

शेवटची_रांग: तिची सख्खी आई तिला चेटकीण म्हणते, तुम्ही कोण ठरवणार? पाळी सुरू होते तिथूनच सगळं सुरू होतं, घरात आई पाप पाप करत कोंडून ठेवते, शाळेत पोरी हसतात, आणि त्याच अंगात ताकद येते. असल्या सिनेमांचा अख्खा प्रकारच तिथून आलाय. कॅरी झालेल्या सिसी स्पेसेकला ऑस्कर नॉमिनेशन होतं यासाठी. शेवटी थडग्यातून हात येतो तोही तिचाच, दुसऱ्या कुणाचा घेऊ दिला नाही तिने.

दिवेबंद: हात येतो हे आधी सांगायची गरज होती का?

उलटे_पाय: दिवेबंद, द क्राफ्ट बघा, १९९६, तुमच्या "का"चं उत्तर त्यातच आहे. चार मुली. एकीच्या पाठीवर भाजल्याचे डाग, एकीला रंगावरून छळतात, सेराला आवडणारा मुलगा पटवायचाय, आणि नॅन्सीला घरच्या गरिबीतून सुटायचंय. मंत्र काय, हे सगळं त्या वयात प्रत्येकीने मनातल्या मनात मागितलेलंच असतं, फक्त इथे मिळतं. शाळेच्या कॉरिडॉरमधून चौघी चालत येतात तेव्हा मला आजही खुर्चीत ताठ बसायला होतं. पण नंतर सिनेमाच घाबरतो, नॅन्सीला पलंगाला बांधून वेड्यांच्या इस्पितळात टाकतो. पहिला अर्धा मुलींचा, दुसरा कुणा काळजीवाहू काकांचा. मी नववीत मैत्रिणीकडे बघितला होता, मग त्यातल्यासारखं बोटांवर उचलायचा खेळ केला, उचलली, आणि पडली. तिच्या आईने मला परत घरात घेतलं नाही.

नियमवाला: १०१ मिनिटं. अटीत बसत नाही.

शेवटची_रांग: अवांतर: सेराचे केस विग आहेत, त्या नटीने आधीच्या सिनेमासाठी डोकं भादरलं होतं. आणि नॅन्सीवालीने जादूटोण्याच्या सामानाचं दुकान खरंच विकत घेतलं होतं.

रातकिडा: बरं मग द विच, २०१५, ९२ मिनिटं, आता खूश? १६३०च्या दशकातलं अमेरिकेतलं न्यू इंग्लंड, जंगलाकडेला एकटं कुटुंब, घरात काहीही बिघडलं की बोट थोरल्या मुलीकडे. शेवटी ती हसते ना, ते हसणं दोन दिवस डोक्यात होतं. तो काळा बोकड पण खराच वांड होता, बापाचं काम करणाऱ्या नटाला त्याने शिंगाने जखमी केलं. सबटायटल लावा, जुनी इंग्रजी आहे.

घुबडमावशी: त्यात तान्ह्या बाळाचं जे होतं ते बघून मी बंद केला होता. ही सेलमचीच गोष्ट ना, जाळलं त्या मुलींना?

नियमवाला: सेलमचे चेटकीण-खटले १६९२ चे, म्हणजे साठेक वर्षांनंतर. आणि तिथे जाळलं कुणालाच नाही. १९ जणांना फाशी, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. मुली तर आरोप करणाऱ्या होत्या, ९ वर्षांपासूनच्या.

उलटे_पाय: हेच तर! एरवी जिला कुणी विचारत नव्हतं ती पोरगी किंचाळली की अख्खं गाव ऐकायला लागलं. ताकद मिळायला चेटकीण व्हायची पण गरज नाही.

रातकिडा: काहीही बघा, फक्त २०२० चा क्राफ्ट लेगसी, म्हणजे क्राफ्टचा पुढचा भाग, नको.

शेवटची_रांग: +१. वाया गेली रात्र.

घुबडमावशी: +१. मी बघितला नाहीये, पण नकोच.

दिवेबंद: सगळ्यांचे आभार. आम्ही लेगसी बघतोय. दीड तासाच्या आसपास आहे आणि रेटिंग पीजी-१३, म्हणजे फार रक्त नसणार.

रातकिडा: मग विचारलं कशाला?

दिवेबंद: (रविवार) बघितला. शेवट गुंडाळलाय, तुमचं बरोबर होतं. पण त्रास देणाऱ्या पोराला मंत्र मारून एकदम समजूतदार करतात तिथे आम्ही तिघी एवढ्या हसलो की उशी खाली पडली. शेवटच्या क्षणी जुनी नॅन्सी दिसते, तर उशीवाली विचारतेय ही कोण, हिचा सिनेमा कुठला. पुढच्या शनिवारी १०१ मिनिटंवाला.

रातकिडा: १०१ चालतात तर १५२ ने काय घोडं मारलंय?