विचारल्याने विचार रुजत नाही

खचलेल्या माणसाला ‘जीव देण्याचा विचार येतो का’ असे थेट विचारले तर नसलेला विचार त्याच्या मनात रुजेल, म्हणून हे काम डॉक्टरांवरच सोडावे, हा मुद्दा मला पटत नाही. असे विचारल्याने धोका वाढतो, असे या विषयावरील अभ्यासांत दिसून आलेले नाही. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. खचलेल्यांना आधार कसा द्यावा याचे प्रशिक्षण मी घेतले; त्यात हाच प्रश्न एकमेकांना मोठ्याने विचारायला लावला होता, आणि आम्ही सगळेच ‘तसले काही विचार’ म्हणून वेळ मारून नेत होतो. शब्द स्पष्ट उच्चारायला मला चार खेपा लागल्या. पुढचा प्रश्न मात्र अगदी घरगुती होता: फवारणीच्या औषधाचा डबा कुठे ठेवला आहे, आणि तो आजच शेजाऱ्याकडे हलवता येईल का?

डॉक्टर नसलेल्यांच्या अर्धवट ज्ञानाची भीती रास्त आहे, पण असे प्रशिक्षण घेतलेल्या लोकांनी आजाराचे निदान करणे अपेक्षितच नसते. ऐकून घेणे, एकटे न सोडणे आणि डॉक्टरांपर्यंत सोबत जाणे एवढेच त्यांचे काम. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असे तयार केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. रात्री-अपरात्री कोणी सापडलेच नाही, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.